‘साफ केला’ एवढ्यावर भागत नाही: गॅस बॉयलर सर्व्हिसिंगच्या नोंदी

२८ ऑगस्ट

काम हातात घेतलं. तीन मजली इमारत, तळघरात एकच बॉयलर. भिंतीवरचा, कंडेन्सिंग प्रकारचा (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता घेणारा), ४५ किलोवॅटचा, नैसर्गिक वायूवर चालणारा. ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा हीट एक्स्चेंजर स्टेनलेस स्टीलचा. रेडिएटर आणि पाइप धरून सिस्टिममध्ये साधारण ४०० लिटर पाणी. तापून फुगलेलं पाणी सामावणारा एक्सपान्शन टँक (मधे रबरी पडदा, एकीकडे पाणी, एकीकडे हवा) ५० लिटरचा, सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बार दाबाला उघडणारा. हीटिंग सुरू व्हायला अवकाश आहे, त्यामुळे घाई नाही. भर थंडीत बॉयलर उघडून बसलं की वरचे लोक दर अर्ध्या तासाला ‘झालं का?’ विचारायला येतात. तो ताप यंदा नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला मागच्या सर्व्हिसिंगचं कार्ड चिकटवलेलं आहे. दर वर्षाची तारीख, सही, आणि शेरा एकच: ‘साफ केला’. आकडा एकही नाही. प्रेशर किती होतं, धुरात कार्बन मोनॉक्साइड किती, ज्योतीचा करंट किती, काहीच नाही. असं कार्ड असलं काय नि नसलं काय, सारखंच. ज्याने केलं त्याने मन लावून केलंही असेल, पण मागच्या वर्षीपेक्षा यंदा बरं की वाईट, हे सांगायला माझ्याकडे काही नाही.

इमारतीची देखभाल बघणारे काका म्हणाले, “तसा चांगला चालतो हो. फक्त प्रेशर उतरतं, मग मी नळी लावून पाणी भरतो.”

“किती दिवसांनी भरावं लागतं?”

“थंडीत आठवड्याला एकदा. कधी दोनदाही.”

ही सिस्टिम बंद आहे. एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं तेच फिरायला हवं. आठवड्याला भरावं लागतंय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय, आणि ते कुठे जातंय हे बर्नर घासून कळणार नाही.

आणखी दोन तक्रारी. तिसऱ्या मजल्यावरचे रेडिएटर गुळगुळ आवाज करतात आणि वरून गार राहतात. तळमजल्यावरचे दोन खालून गार राहतात. काकांच्या लेखी ही एकच तक्रार: ‘रेडिएटर तापत नाहीत’. पण वरून गार म्हणजे आत हवा अडकलीय, आणि खालून गार म्हणजे तळाशी गाळ बसलाय. दोन्ही एकाच इमारतीत, हे लक्षात ठेवण्यासारखं.

३० ऑगस्ट

उघडण्याआधी मोजमाप. सगळ्या रेडिएटरच्या चाव्या पूर्ण उघडल्या, वरच्या खिडक्या उघडायला सांगितल्या आणि बॉयलर सर्व्हिस मोडमध्ये पूर्ण ताकदीवर चालवला. धूर तपासणारा ॲनालायझर आधी बाहेरच्या स्वच्छ हवेत शून्यावर आणला, मग त्याची नळी फ्लूमध्ये, म्हणजे धुराच्या नळकांड्यात घातली.

पूर्ण ताकदीवर: कार्बन डायऑक्साइड ९.० टक्के, ऑक्सिजन ५.१ टक्के, कार्बन मोनॉक्साइड ९५ पीपीएम (दहा लाखांत ९५ भाग). रिटर्नचं, म्हणजे रेडिएटरकडून परत येणारं पाणी ५० अंशांवर असताना धूर ६८ अंश. ज्योतीचा करंट ३.८ मायक्रोअँपिअर. इमारतीतली गॅसची बाकी सगळी उपकरणं बंद ठेवून मीटरवर वेळ लावली: मिनिटाला ६६ लिटर गॅस.

हाताखालचा मुलगा आकडे बघून म्हणाला, “दादा, कार्बन डायऑक्साइड तर बरोब्बर आहे. मग साफ कशाला करायचा?”

प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. जुन्या बॉयलरमध्ये गॅसचा दाब ठरलेला असायचा. हवेची वाट तुंबली की हवा कमी, गॅस तेवढाच, आणि काजळी धरायची. या बॉयलरमध्ये गॅस व्हॉल्व्ह हवेच्या मागे चालतो: पंखा जेवढी हवा ओढेल तेवढाच गॅस व्हॉल्व्ह सोडतो. त्यामुळे एक्स्चेंजर तुंबला तरी मिश्रण फारसं बिघडत नाही. घटते ती ताकद. ४५ किलोवॅटला मिनिटाला साधारण ७५ लिटर गॅस लागायला हवा, इथे ६६ लागतोय. पंखा पूर्ण वेगात, मिश्रण ठीक, आणि तरी जवळजवळ आठवा हिस्सा गायब. नुसता ॲनालायझर बघणारा ‘उत्तम’ असा शेरा मारून निघून जाईल. मीटरवर घड्याळ लावलं तरच हे दिसतं.

धूर आणि रिटर्न यांच्यातला १८ अंशांचा फरकही तेच सांगतो. स्वच्छ एक्स्चेंजरमधून निघालेला धूर रिटर्नच्या पाण्यापेक्षा पाच-दहा अंशच गरम असतो.

फ्लूच्या बाहेरच्या कड्यातून, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या वाटेतून, ऑक्सिजन मोजला: २०.९ टक्के. आतली धुराची नळी कुठे फुटलेली नाही, धूर परत आत खेचला जात नाही. हे मोजायला मिनिटभरही लागत नाही आणि तरी बहुतेक जण टाळतात.

आता पाण्याची बाजू. फ्लो, म्हणजे बॉयलरमधून बाहेर जाणारं पाणी, ७८; रिटर्न ५०. फरक २८ अंश. साधारण २० असायला हवा. म्हणजे पाणी हळू फिरतंय. सध्याच्या ताकदीवर हिशेब केला तर मिनिटाला जेमतेम १९ लिटर.

आणि मुख्य गोष्ट. थंड असताना गेज १.५ बार दाखवत होता. बॉयलर तापत गेला तसा काटा २ वर, अडीचवर, आणि शेवटी ३ ला टेकला. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी मागच्या बाजूने थेट जमिनीतल्या गटारात सोडलीय, त्यामुळे त्यातून पाणी पडलं तरी कोणाला दिसत नाही. नळी सोडवून खाली रिकामा डबा ठेवला. थोड्या वेळात डब्यात पाणी.

काका डब्याकडे बघत राहिले. “म्हणजे मी भरतो ते इथून जातं?”

बहुतेक.

३१ ऑगस्ट

सामान मागवलं: बर्नरच्या दाराचं गास्केट, इलेक्ट्रोड त्यांच्या गास्केटसकट, गॅस युनियनचे वायसर, ३ बारचा नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, न्यूट्रलायझरचे (धुरातून गळणाऱ्या आंबट पाण्याचं आम्ल मारणाऱ्या डब्याचे) खडे, इन्हिबिटर (पाण्यात घालायचं गंजरोधक). गास्केट हातात आल्याशिवाय बर्नर उघडायचा नाही. जुनं गास्केट एकदा दबलेलं असतं, ते परत तसंच बसेल याचा भरवसा नाही, आणि त्या फटीतून बाहेर येतो तो धूर.

४ सप्टेंबर

गॅसची बाजू उघडली. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी इथून पुढचं वाचावं, करू नये. घरमालकाने स्वतः करण्यासारखं म्हणजे प्रेशर बघणं, रेडिएटरची हवा काढणं, बाहेरच्या फ्लूवर पाला किंवा जाळं नाही ना हे पाहणं आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून बघणं. बर्नरचं दार त्यात नाही.

आधी वीज तोडली, फक्त बॉयलरचं बटण बंद करून भागत नाही. गॅसचा कॉक बंद. एक्स्चेंजर हाताला सोसेल इतका गार होऊ दिला. मग गॅसची युनियन, पंख्याची आणि इलेक्ट्रोडची वायर, आणि दाराचे नट. दार, बर्नर आणि पंखा एकसंध बाहेर येतो.

आतला देखावा अपेक्षेप्रमाणे. स्टेनलेसच्या वेटोळ्यांच्या फटींत तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा दाणेदार थर. वरच्या वेटोळ्यांत कमी, खाली जिथे पाणी जमून टपकतं तिथे जास्त. ही काजळी नाही. काजळी काळी असते, बोटाला लागते, आणि ती दिसली असती तर काम थांबवून मिश्रण का बिघडलं ते आधी शोधलं असतं. हा तपकिरी थर कंडेन्सेटच्या, म्हणजे धुरातल्या वाफेपासून झालेल्या पाण्याच्या, आम्लाचा आणि हवेतून आलेल्या धुळीचा माल. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये तो धरणारच. पण एका वर्षात इतका धरत नाही. ‘साफ केला’ लिहिणाऱ्यांनी निदान मागची दोन वर्षं तरी दार उघडलेलं नाही, असा माझा अंदाज. दाराचं गास्केट काढलं तर त्यावर पहिल्यापासूनचा ठसा, बदललेलं दिसत नाही. मग अंदाज राहिला नाही.

मागच्या भिंतीवर इन्सुलेशनची तबकडी आहे. ती ओली झाली की फुगते, तडकते. आधी प्लास्टिक लावून ती झाकली. मग कोरडं काम: नायलॉनचा ब्रश फटीफटीतून, आणि व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या हातात. पोराने सवयीने तारेचा ब्रश काढला होता, तो परत पेटीत ठेवायला लावला. साध्या पोलादी तारेचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि मग गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय पृष्ठभागावर ओरखडे पडले की पुढचा थर जास्त घट्ट धरतो. कोरडं निघालं ते काढल्यावर थोडं थोडं पाणी सोडलं. सगळं खाली सायफनमध्ये (कंडेन्सेट बाहेर सोडणाऱ्या, पाणी अडवून ठेवणाऱ्या वळणात) जातं, म्हणून सायफन आज साफ करून उपयोग नाही, ते उद्या.

बर्नरला ब्रश लावायचाच नाही. त्याचा पृष्ठभाग विणलेल्या धातूच्या तंतूंचा आहे. ब्रशने तंतू तुटतात किंवा मोकळे होतात, आणि तिथे ज्योत आत ओढली जाण्याची भीती. नुसता व्हॅक्यूम फिरवला, आतून टॉर्च धरून बाहेरून बघितलं. कुठेही भोक नाही, काळा डाग नाही.

इलेक्ट्रोडवर पांढरट कडक कवच. हे जरा समजून घेण्यासारखं आहे. बॉयलरला ज्योत ‘दिसते’ ती डोळ्याने नव्हे. इलेक्ट्रोड आणि बर्नर यांच्यात उलटसुलट वाहणारा करंट सोडलेला असतो. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, आणि बर्नरचा पृष्ठभाग इलेक्ट्रोडपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून करंट एका दिशेने जास्त जातो. तो काही मायक्रोअँपिअरचा एकतर्फी करंट सर्किटने ओळखला की ज्योत आहे, नाही ओळखला की गॅस बंद. कवच धरलं की करंट घटतो, आणि एक दिवस ज्योत व्यवस्थित असूनही बॉयलर लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे स्वतःला बंद करून घेतो. मग लोक रीसेटचं बटण दाबत बसतात.

इलेक्ट्रोड नवे बसवले, अंतर मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे लावलं. दार आज नुसतं टेकवून ठेवलं.

५ सप्टेंबर

सायफन काढला. तळाशी कालचा चोथा आणि त्याखाली आधीचा, चांगला बोटभर. तुंबायला थोडाच बाकी होता. तुंबला असता तर कंडेन्सेट मागे चढत एक्स्चेंजरच्या तळाशी साचलं असतं.

धुऊन बसवताना त्यात पाणी भरलं आणि पोराला दोनदा सांगितलं. सायफनमधलं पाणी ही फक्त वासाची सोय नाही. रिकाम्या सायफनने बॉयलर चालू केला तर धूर कंडेन्सेटच्या नळीतून थेट खोलीत येतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. साफसफाईनंतर होणारा हा सगळ्यात वाईट अपघात आहे, आणि तो पेलाभर पाण्याने टळतो.

कंडेन्सेटचा पीएच पट्टीवर ४. यात नवल नाही. धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि थोडे नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्यात उतरले की ते आंबट होतंच. ते न्यूट्रलायझरमधून गटारात जातं. तिथून बाहेर पडतानाचा पीएच ५, खरं तर साडेसहाच्या वर हवा. डबा उघडला तर खडे अर्ध्याहून कमी झालेले आणि उरलेल्यांवर चिकट थर. सगळे बदलले.

दार नव्या गास्केटवर बसवलं. नट समोरासमोरचे घेत, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. गॅसच्या युनियनला नवा वायसर, कॉक उघडून फेसाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. बॉयलर पेटल्यावर पुन्हा लावलं, कारण व्हॉल्व्हच्या पुढच्या भागात गॅस तेव्हाच येतो.

पुन्हा मोजमाप, रिटर्न मुद्दाम ५० वरच धरून. कार्बन डायऑक्साइड ९.१, ऑक्सिजन ४.९, कार्बन मोनॉक्साइड ६२ पीपीएम. कमी ताकदीवर कार्बन डायऑक्साइड ८.६. धूर ५७ अंश. ज्योतीचा करंट ६.५. मीटरवर मिनिटाला ७४ लिटर.

गॅस व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावला नाही. आकडे मॅन्युअलच्या हद्दीत असताना ‘थोडं आणखी बरं करू’ म्हणून स्क्रू फिरवणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

गंमत पुढे झाली. ताकद परत आली, आणि फ्लो-रिटर्नचा फरक २८ वरून ३२ वर गेला. साहजिक आहे. उष्णता जास्त, पाणी तेवढंच मंद. थोड्या वेळाने बॉयलरने स्वतःच माघार घेतली आणि ताकद कमी केली. गॅसची बाजू आपलं काम करते. पाण्याची बाजू तिला साथ देत नाही.

९ सप्टेंबर

एक्सपान्शन टँक.

यात बहुतेक ठिकाणी चूक होते ती अशी: टँकच्या टोकाला मोटारीच्या टायरला असतो तोच व्हॉल्व्ह असतो, त्यावर गेज लावतात, दीड बार दिसतं, आणि ‘हवा ठीक’ असं लिहितात. पण पडद्याच्या पलीकडे सिस्टिमचं पाणी दीड बारने दाबत असेल तर अलीकडची हवाही दीड बारच दाखवणार, मग ती टाकीभर असो की मूठभर. आधी टँकची चावी बंद करून त्यातलं पाणी पूर्ण सोडायचं आणि मग मोजायचं.

तसं केलं. ०.२ बार.

व्हॉल्व्हची पिन दाबली तर पाणी आलं नाही, नुसती हवा. म्हणजे पडदा फाटलेला नाही, वर्षानुवर्षं हवा हळूहळू झिरपून गेलीय आणि कोणी भरलेली नाही. रबराचा पडदा थोडा वायू जाऊ देतोच, म्हणून हे दर वर्षी बघायचं असतं.

वहीत हिशेब मांडला, कारण काकांना पटायला हवा होता. १० अंशांचं पाणी ७० अंशांपर्यंत तापलं की सव्वादोन टक्के फुगतं. ४०० लिटरचे ९ लिटर वाढतात आणि ते टँकमध्ये मावले पाहिजेत. टँकमध्ये आधी ०.२ बार हवा असताना सिस्टिम दीड बारपर्यंत भरली की ५० लिटरपैकी हवेला उरतात २४ लिटर. त्यात ९ लिटर पाणी आणखी घुसलं की १५. हवेचा दाब त्या प्रमाणात वाढून गेज बरोबर ३ बारवर. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. त्याचं काहीच चुकत नाही. तो त्यासाठीच आहे.

आता इमारतीची उंची: गेजपासून सगळ्यात वरच्या रेडिएटरपर्यंत साधारण ९ मीटर, म्हणजे पाण्याचाच ०.९ बार. त्यावर ०.२ धरून टँकमध्ये १.१ बार कोरडा नायट्रोजन भरला. याच हिशेबाने गरम असताना २.२ बार व्हायला हवं.

सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला. इतक्या वेळा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या सीटवर घाण अडकते आणि मग तो दाब नसतानाही ठिबकतो. घासून परत बसवायची ही वस्तू नव्हे. नळीचं टोक आता गटाराच्या वर, दिसेल असं, मधे मोकळी हवा ठेवून.

बॉयलर तापवला. काटा २.२ वर थांबला.

१० सप्टेंबर

आज हाताने काम काही नाही, पण जे लिहायचं होतं ते हेच.

व्हॉल्व्हमधून पाणी गेलं, काकांनी ताजं भरलं, ताज्या पाण्यात ऑक्सिजन असतो, त्याने लोखंड गंजलं, काळा गाळ झाला, रेडिएटर तुंबले. असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण मोजून बघितलं तर यात एक दुवा अपुरा पडतो. थंड पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. आठवड्याला १० लिटर भरलं तरी १०० मिलिग्रॅम. तो सगळा लोखंडावर खर्च झाला तर मॅग्नेटाइट, म्हणजे तो काळा गाळ, अर्धा ग्रॅमही होत नाही. एवढ्याने रेडिएटर तुंबायला कैक वर्षं लागतील.

मग तिसऱ्या मजल्याची गुळगुळ आठवली. ९ मीटर उंचीला गेजवर किमान ०.९ बार हवेतच. काका प्रेशर कधी भरायचे? “काटा लाल पट्ट्यात गेला की.” लाल पट्टा सुरू होतो ०.५ ला. म्हणजे रात्री बॉयलर गार झाला की गेज ०.५ ते ०.९ च्या मधे, आणि तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पाइपमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. तिथे रायझरच्या, म्हणजे वर जाणाऱ्या उभ्या पाइपच्या टोकाला ऑटोमॅटिक एअर व्हेंट बसवलेला आहे. त्याचं काम आतली हवा बाहेर सोडणं. आत दाबच उणा असेल तर तोच व्हेंट बाहेरची हवा आत ओढतो.

आणि एक लिटर हवेत पाव ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन असतो. जवळजवळ २८ लिटर ताज्या पाण्यात असतो तेवढा. तो पूर्ण लोखंडाला लागला तर एक लिटर हवेमागे सुमारे एक ग्रॅम मॅग्नेटाइट. रात्री रात्री ओढलेली हवा हा खरा चोर. नळीने भरलेलं पाणी त्याचा लहान भाऊ.

म्हणजे वरून गार रेडिएटर आणि खालून गार रेडिएटर या दोन तक्रारींचं मूळ एकच, आणि ते तळघरातल्या लाल एक्सपान्शन टँकमध्ये. आणि इतकी वर्षं साफ होत होतं (की होतही नव्हतं) ते बर्नर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

काकांसाठी गेजवर १.३ बारला हिरवी खूण केली. थंड असताना काटा त्याखाली दिसला तर पाणी भरायचं नाही, फोन करायचा.

१२ सप्टेंबर

पाण्याचा नमुना काचेच्या बरणीत घेतला. शाईसारखा काळा. बरणीला बाहेरून लोहचुंबक लावला तर काळं सगळं त्या बाजूला गोळा झालं, उरलेलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. तांबूस असतं तर गंज अजून भरपूर ऑक्सिजनवर पोसतोय असं समजलो असतो. पीएच ७.४. ॲल्युमिनियम नसलेल्या सिस्टिममध्ये ८.२ ते १० हवा. इन्हिबिटरची चाचणी: शून्य.

पंपाच्या आधी मॅग्नेटिक फिल्टर आहे, हे काकांना माहीत नव्हतं आणि कार्डावरही नाही. झाकण उघडलं, चुंबकाची कांडी बाहेर ओढली. मनगटाएवढी जाड झाली होती. फिल्टर इतका भरला की त्याचा उपयोग उलटा. पाण्याला अडवतो तोच.

सौम्य, आम्ल नसलेलं क्लीनिंग केमिकल घालून पंप चालू ठेवला. तसाच राहू द्यायचा.

१५ सप्टेंबर

फ्लशिंग. एकेक रेडिएटर घेऊन, बाकीच्यांच्या चाव्या बंद करून, सगळा प्रवाह त्या एकातून. खालच्या कडेने रबरी हातोडीने ठोकत गेलं की गाळ सुटतो. नळीतून येणारं पाणी एकदम काळं होतं, मग राखाडी, मग पारदर्शक. तळमजल्यावरच्या दोघांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. एकाला दोन्ही दिशांनी फ्लश करावं लागलं. तिसऱ्या मजल्यावरचे जवळजवळ स्वच्छ. गाळ जड, तो खाली येऊन बसतो. वर हवा खेचली गेली, गंज चढला तो सगळीकडे, पण जमा झाला तळाला. पोराने स्वतःहून हे ओळखलं, म्हणून लिहिलं.

१६ सप्टेंबर

शेवटच्या फ्लशचं पाणी सोडून मृदू केलेलं पाणी भरलं, मापात इन्हिबिटर. १.५ बार. सगळीकडची हवा काढली. वरचा ऑटोमॅटिक व्हेंटही बदलला, जुन्याचा फ्लोट चिकटत होता.

पूर्ण ताकदीवर फ्लो-रिटर्न फरक २० अंश, म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ लिटर. पंप तोच, सेटिंग तेच.

बॉयलर खोलीतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म: बटण दाबलं, वाजला. पण मागे छापलेली मुदत संपलेली. बटण फक्त बॅटरी आणि भोंगा तपासतं, आतला सेन्सर नाही. नवा लावायला सांगितलं, आणि लावल्याशिवाय कार्डावर सही करणार नाही असंही सांगितलं. संध्याकाळपर्यंत लागला.

७ ऑक्टोबर

हीटिंग सुरू झालं. आजचं काम पाना-पक्कडीचं नाही, सेटिंगचं.

बॉयलर ८० अंशांचं पाणी पाठवायला लावून ठेवला होता. कारण उघड आहे: रेडिएटर तापत नव्हते, तेव्हा कोणीतरी काटा वर ढकलत नेला. पण फ्लो ८० आणि रिटर्न ६० असताना हा बॉयलर नावापुरताच कंडेन्सिंग. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ पाणी व्हायला लागते ती साधारण ५५ अंशांच्या खाली. एक घनमीटर मिथेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन धुरात जातं, आणि त्या वाफेतली उष्णता गॅसच्या निव्वळ उष्मांकाच्या सुमारे ११ टक्के असते. रिटर्न ६० असेल तर ती सगळी फ्लूमधून आकाशात.

रेडिएटर आता तळापासून तापतात, त्यामुळे एवढ्या गरम पाण्याची गरज उरली नाही. हीटिंग कर्व्ह (बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान ठरवणारं सेटिंग) उतरवला: आजच्या हवेला फ्लो ५८, रिटर्न ४१. कंडेन्सेटच्या नळीला मोजपात्र लावलं. आधी तासाभरात तळ जेमतेम ओला व्हायचा, आता धार नाही पण थेंबांची रांग तुटत नाही. तिसऱ्या मजल्यावरून ‘रेडिएटर हाताला पूर्वीइतके चटका देत नाहीत’ अशी तक्रार आली. खोलीचं तापमान विचारलं, ते ठीक होतं. हे समजावायला बर्नर साफ करण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

१८ नोव्हेंबर

थंडीतली पहिली फेरी. थंड असताना प्रेशर १.५, काकांनी नळी एकदाही लावलेली नाही. गरम असताना २.१. सेफ्टी व्हॉल्व्हच्या टोकाखाली जमीन कोरडी. मॅग्नेटिक फिल्टरमध्ये पातळ काळा थर, फ्लशिंगमधून सुटलेला उरलासुरला असावा, पुसून बसवला. पीएच ८.४. ज्योतीचा करंट ६.४. न्यूट्रलायझरनंतर पीएच ७.

कार्डावर जुन्या नोंदींखाली रेघ मारली आणि नवे रकाने आखले: थंड आणि गरम प्रेशर, टँकची हवा (पाणी सोडून मोजलेली), मीटरवरचा गॅस, धूर आणि रिटर्नचं तापमान, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ज्योतीचा करंट, पीएच, इन्हिबिटर. ‘साफ केला’साठी रकाना ठेवलेला नाही.

बाकी: फेब्रुवारीत फिल्टर पुन्हा उघडायचा. थर तेव्हाही एवढाच निघाला तर वरच्या व्हेंटजवळ रात्रीचं प्रेशर नोंदवणारा गेज लावून बघायचा. तळमजल्यावरच्या दुसऱ्या रेडिएटरची चावी घट्ट झालीय, तिचा आतला भाग मागवला आहे.